याना नोव्होत्ना: मुलींना १९९३ चा अंतिम सामना दाखवावा की १९९८ चा?

मालवकन्या

इंदुरात आमच्या टेनिसच्या वर्गाला बारा ते सोळा वर्षांच्या मुली येतात. पावसाळ्यात कोर्ट ओले असले की सराव बंद ठेवावा लागतो. अशा रविवारी निवृत्त झालेल्या एखाद्या मोठ्या खेळाडूचा एक सामना पडद्यावर दाखवायचा आणि नंतर त्यावर मुलींशी सविस्तर बोलायचे, असे आम्ही प्रशिक्षकांनी ठरवले आहे. पहिल्या रविवारसाठी मी चेक खेळाडू याना नोव्होत्नाचे नाव सुचवले, तेव्हा सोबतच्या एका प्रशिक्षकांनी लगेच विरोध केला. जिंकत आलेला सामना हातचा घालवण्यासाठी जी ओळखली जाते, तिच्यापासून सुरुवात कशाला, असे त्यांचे म्हणणे होते.

मला हे म्हणणे पटत नाही. ब्रनो शहरात १९६८ साली जन्मलेल्या या खेळाडूने एकेरीची २४ आणि दुहेरीची ७६ विजेतेपदे मिळवली. ग्रँड स्लॅम म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांत तिच्या नावावर महिला दुहेरीची १२, मिश्र दुहेरीची ४ आणि एकेरीचे १ अशी एकूण १७ विजेतेपदे आहेत. एकेरीच्या जागतिक क्रमवारीत ती दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचली होती आणि दुहेरीत ती पहिली होती. एवढी मोठी कारकीर्द एका दुपारच्या पाऊण तासात कोंबून सांगितली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तरीही सामना एकच दाखवता येणार आहे. १९९३ च्या विम्बल्डनचा स्टेफी ग्राफविरुद्धचा अंतिम सामना दाखवावा, की १९९८ चा नाताली तोझियाविरुद्धचा, ज्यात ती अखेर जिंकली? जाणकारांनी कारणांसह मत द्यावे, ही विनंती.

रामबागवासी

ताई, १९९८ चा दाखवा. १९९३ चा सामना आम्ही घरी सगळ्यांनी मिळून पाहिला होता. बक्षीस समारंभात ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोके ठेवून ती रडली, तेव्हा आमच्या घरातही कोणी बोलत नव्हते. पाच वर्षांनी त्याच डचेसच्या हातून तिने चषक घेतला, तो आनंद मुलींनी पाहायलाच हवा.

बॅकहँड_स्लाइस

माझे मत १९९३ च्या बाजूने आहे, आणि ते अश्रूंसाठी मुळीच नाही.

आधी त्या सामन्याचा क्रम नीट आठवू या. नोव्होत्नाला त्या वर्षी आठवे मानांकन होते. उपांत्यपूर्व फेरीत तिने गाब्रिएला साबातिनीला आणि उपांत्य फेरीत मार्टिना नवरातिलोवाला सरळ सेटमध्ये हरवले. गवतावर त्या पंधरवड्यात तिच्याइतके चांगले कोणीच खेळत नव्हते, असे मी म्हणेन. अंतिम सामन्यातला पहिला सेट ग्राफने टायब्रेकरमध्ये घेतला, दुसरा नोव्होत्नाने ६-१ असा जिंकला, आणि तिसऱ्यात ती ४-१ ने पुढे गेली. स्वतःच्या सर्व्हिसवर ४०-३० असताना, म्हणजे ५-१ होण्यासाठी एकच गुण हवा असताना, तिने डबल फॉल्ट केला, म्हणजे तिच्या दोन्ही सर्व्हिस चुकल्या. त्यानंतर एक व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) चुकली, एक स्मॅश जाळ्यात गेला आणि तो गेम गेला. पुढे ४-३ वर सर्व्हिस करतानाही तिच्याकडून डबल फॉल्ट झाले. ग्राफने सलग पाच गेम घेऊन ७-६, १-६, ६-४ असा सामना जिंकला.

'घाबरली' असे म्हणून लोक इथे विषय संपवतात. माझ्या मते कारण तिच्या खेळाच्या पद्धतीत शोधले पाहिजे. नोव्होत्ना पहिल्या सर्व्हिसनंतर नेटकडे धावत असेच, पण गवतावर ती दुसऱ्या सर्व्हिसनंतरही पुढे येत असे. ज्या खेळाडूला दुसऱ्या सर्व्हिसच्या मागे नेटवर जायचे असते, तिला ती सर्व्हिस नुसती कोर्टात टाकून भागत नाही. ती खोलवर आणि प्रतिस्पर्ध्याच्या कमकुवत बाजूला पडावी लागते, नाहीतर समोरून येणारा परतीचा फटका थेट पायाशी येतो. ग्राफचा फोरहँड त्या काळातला सर्वांत जबर फोरहँड होता, त्यामुळे सर्व्हिस तिच्या बॅकहँडकडे, रेषेच्या अगदी जवळ ठेवणे भाग होते. ज्या धाडसाने नोव्होत्नाला ४-१ ची आघाडी मिळवून दिली, त्याच धाडसाची किंमत तिने तो डबल फॉल्ट करून मोजली. मागच्या रेषेवर थांबून दुसरी सर्व्हिस हळुवार मारणारी खेळाडू असा डबल फॉल्ट करणार नाही, आणि ती ग्राफविरुद्ध ४-१ ने पुढेही जाणार नाही. हे मुलींना सामना थांबवत थांबवत समजावून सांगता येईल, आणि टेनिसमधला हा फार मोलाचा धडा आहे.

होळकरी

बॅकहँड_स्लाइस यांचे विवेचन आवडले, पण त्यात एक बाजू सुटली आहे. पद्धतीचाच दोष असता तर तो फक्त गवतावर दिसला असता. १९९५ च्या फ्रेंच खुल्या स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत, म्हणजे लाल मातीवर, नोव्होत्ना शांडा रुबिनविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ५-० ने पुढे होती. तिला नऊ मॅच पॉइंट मिळाले आणि तरीही ती तो सेट ८-६ असा हरली. दोन वर्षांच्या अंतराने, वेगळ्या कोर्टवर, वेगळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तेच घडते, तेव्हा मनावरच्या ताणाचा विचार करावाच लागतो. खेळाडूवर प्रेम असणे आणि तिचा कमकुवत भाग नीट पाहणे, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. मुलींपासून हे लपवू नये.

बॅकहँड_स्लाइस

लपवू नये, हे मान्य. पण मग १९९१ च्या ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरीही सांगा. तिथे नोव्होत्नाने पहिला सेट गमावल्यावर ग्राफला ५-७, ६-४, ८-६ असे हरवले होते. तिसऱ्या सेटमध्ये ८-६ पर्यंत टिकून ग्राफला हरवणारी खेळाडू मनाने दुबळी होती, असा सरसकट निष्कर्ष काढता येणार नाही. त्या स्पर्धेत ती अंतिम फेरीत पोहोचली आणि मोनिका सेलेसकडून तीन सेटमध्ये हरली.

नेटजवळची

वरची सगळी चर्चा वाचली आणि थोडी अस्वस्थ झाले. मालवकन्याताईंनी सुरुवातीलाच दुहेरीचे आकडे दिले आहेत, पण सगळे प्रतिसाद एकेरीभोवतीच फिरत आहेत. नोव्होत्नाच्या १७ ग्रँड स्लॅम विजेतेपदांपैकी १६ दुहेरीतली आहेत. तिच्या कामाचा मुख्य भाग बाजूला ठेवून तिच्या कारकिर्दीबद्दल बोलणे मला न्याय्य वाटत नाही.

मी स्वतः विद्यापीठ पातळीवर अनेक वर्षे दुहेरी खेळले, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. १९९० साली हेलेना सुकोव्हाबरोबर तिने ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि विम्बल्डन अशा लागोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या. चौथ्या, म्हणजे अमेरिकन स्पर्धेतही ही जोडी अंतिम फेरीत होती, पण तिथे जीजी फर्नांडिस आणि नवरातिलोवा यांनी त्यांना हरवले. एका सामन्याने तिचे त्या वर्षीचे पूर्ण ग्रँड स्लॅम हुकले. सुकोव्हाबरोबरच तिने १९८८ ला सोलमध्ये आणि १९९६ ला अटलांटामध्ये ऑलिंपिक रौप्यपदक मिळवले. अटलांटात एकेरीचे कांस्यही तिच्याकडेच आले. मिश्र दुहेरीतली चारही विजेतेपदे तिने १९८८ आणि १९८९ या दोनच वर्षांत अमेरिकेच्या जिम प्यूबरोबर मिळवली.

दुहेरीचे कौशल्य आपल्याकडे फार कमी पाहिले जाते. २०१४ साली इंदुरात भारत आणि चिनी तैपेई यांच्यातली डेव्हिस चषकाची लढत झाली. तेव्हाही माझ्या आजूबाजूला बसलेल्या पालकांना, सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार नेटवर कुठे आणि का उभा राहतो, हे मला समजावून सांगावे लागले होते. त्यांनी ते उत्सुकतेने ऐकले, पण मुलांना दुहेरीत घालण्याची कल्पना त्यांच्यापैकी कोणालाच रुचली नाही. मुली दुहेरी शिकल्या तर त्यांना खेळात अधिक वर्षे आणि अधिक संधी मिळतील, अशी माझी ठाम समजूत आहे.

ग्वाल्हेरकर

नेटजवळची, एक शंका आहे. एवढी यशस्वी असूनही तिने इतक्या वेळा जोडीदार का बदलले?

नेटजवळची

प्रत्येक जोडी मोडण्याची खरी कारणे त्या त्या खेळाडूंनाच ठाऊक, त्यामुळे त्याविषयी मी तर्क करणार नाही. पण त्या बदलांमधून जे दिसते ते विलक्षण आहे. सुकोव्हा अतिशय उंच होती, तिची सर्व्हिस आणि नेटवरचा पल्ला मोठा होता. आरांचा सांचेझ व्हिकारिओ तिच्या अगदी उलट, बुटकी, चपळ आणि प्रत्येक चेंडू परत आणणारी. तिच्याबरोबर नोव्होत्नाने १९९४ ची अमेरिकन, १९९५ ची ऑस्ट्रेलियन आणि १९९५ चीच विम्बल्डन स्पर्धा जिंकली. लिंडसे डेव्हनपोर्ट मागच्या रेषेवरून सपाट आणि जड फटके मारणारी, तिच्याबरोबर १९९७ ची अमेरिकन स्पर्धा जिंकली. मार्टिना हिंगिस हलक्या हाताची आणि कोर्ट आधीच ओळखणारी. तिच्याबरोबर १९९८ साली फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. जीजी फर्नांडिसबरोबरची १९९१ ची फ्रेंच स्पर्धा वेगळीच.

म्हणजे चार-पाच पूर्णपणे वेगळ्या स्वभावाच्या खेळाडूंच्या शेजारी उभी राहून ती जिंकत होती. कोणाबरोबर पुढे जायचे, कोणासाठी मागे थांबायचे, कोणाला मधला चेंडू सोडायचा, हे दरवेळी नव्याने जुळवावे लागते. फुगडीत समोरच्या व्यक्तीच्या वजनाप्रमाणे आपला तोल बदलावा लागतो, तसेच हे आहे. हिंगिसने १९९८ मध्ये दुहेरीचे वार्षिक ग्रँड स्लॅम पूर्ण केले, कारण ऑस्ट्रेलियन स्पर्धा तिने मिर्याना लुचिचबरोबर आधीच जिंकली होती. पण त्यातल्या तीन चषकांवर नोव्होत्नाचे नाव आहे, हे आज फारसे कोणी सांगत नाही.

अहिल्यानगरी

मी खेळाडू नाही, एका खेळाडू मुलीची आई आहे, आणि त्या नात्याने लिहिते. जिल्हा पातळीवरच्या एका पराभवानंतर मुलीचे खेळणे थांबवणारे पालक मी जवळून पाहिले आहेत. मुलगी रडली की घरचे म्हणतात, 'कशाला एवढा त्रास करून घ्यायचा? त्यापेक्षा अभ्यास कर.' त्यामागे मायाच असते, पण परिणाम वाईट होतो. अशा घरांतल्या मुलींना १९९३ चा शेवट दाखवताना फार जपावे लागेल. नुसता तो सामना पाहून त्या घरी गेल्या, तर नेमके काय घेऊन जातील, याची मला काळजी वाटते.

म्हणूनच मला १९९३ आणि १९९८ या दोन्हींपेक्षा मधली पाच वर्षे अधिक जाणून घ्यायची आहेत. त्या पराभवानंतर ती रोज सरावाला कशी गेली, तिच्यासोबत कोण होते, तिचा खेळ कुठे बदलला, याबद्दल कोणी सविस्तर लिहील का?

सुदामानगर_काका

अहिल्यानगरीताईंनी अगदी योग्य प्रश्न विचारला आहे. मला जे माहीत आहे ते लिहितो.

सोबत कोण होते, यापासून सुरुवात करतो. १९९० पासून हाना मांडलिकोव्हा तिची प्रशिक्षक होती. मांडलिकोव्हाने ऑस्ट्रेलियन स्पर्धा दोनदा, फ्रेंच आणि अमेरिकन स्पर्धा प्रत्येकी एकदा जिंकली होती. विम्बल्डनच्या अंतिम फेरीत मात्र ती दोनदा हरली होती, १९८१ मध्ये ख्रिस एव्हर्टकडून आणि १९८६ मध्ये नवरातिलोवाकडून. म्हणजे १९९३ च्या त्या संध्याकाळी नोव्होत्नाच्या बाजूला जी व्यक्ती होती, तिला सेंटर कोर्टवर अंतिम सामना हरणे म्हणजे काय, हे स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हरलेल्या मुलीजवळ कोण बसते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते, आणि ते पालकांनाही लागू आहे.

मधल्या वर्षांत ती विम्बल्डनमध्ये सतत वरच्या फेऱ्यांपर्यंत जात राहिली आणि ग्राफ पुन्हा पुन्हा तिच्या वाटेत आली. १९९५ च्या उपांत्य फेरीत तिने ग्राफविरुद्ध पहिला सेट जिंकला, तरी सामना हरली. मग १९९७ उजाडले. विम्बल्डनच्या अंतिम फेरीत समोर सोळा वर्षांची हिंगिस होती. नोव्होत्नाने पहिला सेट ६-२ असा घेतला. त्या दिवशी तिला पोटाच्या स्नायूंची दुखापत होती, आणि पुढचे दोन्ही सेट ती ३-६, ३-६ हरली. १९९३ सारखाच धक्का पुन्हा बसल्यावर ती खचून गेली असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याच महिन्यात ती कारकिर्दीतल्या सर्वोच्च, म्हणजे दुसऱ्या स्थानावर पोहोचली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कला हंगामाची अंतिम स्पर्धा मेरी पिअर्सला हरवून जिंकली.

१९९८ च्या विम्बल्डनमध्ये तिला तिसरे मानांकन होते. उपांत्यपूर्व फेरीत तिने व्हीनस विल्यम्सला ७-५, ७-६ असे हरवले, उपांत्य फेरीत गतविजेत्या हिंगिसला ६-४, ६-४ असे, आणि अंतिम फेरीत तोझियाला ६-४, ७-६ असे. स्पर्धेच्या शेवटच्या तीन फेऱ्यांत तिने एकही सेट गमावला नाही. तेव्हा तिचे वय २९ वर्षे ९ महिने होते. एकेरीचे पहिलेच ग्रँड स्लॅम विजेतेपद एवढ्या वयात मिळवणारी खुल्या युगातली (म्हणजे १९६८ पासूनची) ती त्या वेळची सर्वांत ज्येष्ठ महिला ठरली. आज वयाच्या तिशीनंतरही जिंकणाऱ्या खेळाडू आपण पाहतो, पण त्या काळी सोळा-सतरा वर्षांच्या मुली विजेत्या होत होत्या. त्या पार्श्वभूमीवर तिचे टिकून राहणे पाहिले पाहिजे.

अहिल्यानगरी

काका, मनापासून आभार. मांडलिकोव्हाबद्दल मला काहीच माहीत नव्हते.

होळकरी

सुदामानगरकाकांच्या माहितीतूनच मला एक तिसरा पर्याय सुचतो. तोझिया गुणी खेळाडू होती, पण तिला सोळावे मानांकन होते आणि तिची ती पहिलीच ग्रँड स्लॅम एकेरीची अंतिम फेरी होती. नोव्होत्नाचा कस खऱ्या अर्थाने लागला तो हिंगिसविरुद्धच्या उपांत्य सामन्यात. समोर अग्रमानांकित आणि गतविजेती होती, आदल्याच वर्षी तिने याच कोर्टवर नोव्होत्नाला हरवले होते, आणि वर ती दुहेरीतली तिची तेव्हाची जोडीदार होती. म्हणजे एकमेकींच्या सर्व्हिसची, सवयींची आणि आवडत्या कोपऱ्यांची दोघींनाही पूर्ण माहिती होती. अशा प्रतिस्पर्ध्याला सरळ सेटमध्ये हरवणे हा त्या स्पर्धेतला तिचा सर्वोत्तम विजय आहे. ताणाबद्दलचे माझे मत कायम आहे, आणि त्या ताणाला तिने उत्तर दिले ते याच सामन्यात, असे मला वाटते.

ग्वाल्हेरकर

चर्चा उत्तम चालली आहे. पण आजच्या मुलींना या पद्धतीचा उपयोग किती, हाही प्रश्न विचारात घ्यावा. विम्बल्डनने २००१ पासून कोर्टवर संपूर्ण राय गवत लावायला सुरुवात केली. त्याआधी त्यात फेस्क्यू गवताचेही मिश्रण असे. नव्या गवताखालची जमीन अधिक घट्ट राहते आणि चेंडू अधिक वर उसळतो, असे सांगितले जाते. शिवाय रॅकेटच्या तारा बदलल्या, परतीचे फटके जड झाले, आणि सर्व्हिसमागे सतत नेटवर जाणाऱ्या महिला खेळाडू जवळजवळ दिसेनाशा झाल्या. आपल्याकडे तर मुली सिमेंटच्या किंवा मातीच्या कोर्टवर शिकतात. त्यांना नोव्होत्नाचा खेळ दाखवून त्या तो कुठे वापरणार?

नेटजवळची

दुहेरीत वापरणार, आणि रोज वापरणार. ग्वाल्हेरकर, तुम्ही म्हणता ते एकेरीपुरते खरे आहे. दुहेरीत मात्र नेटचा ताबा आजही निर्णायक असतो.

त्याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९९८ मध्ये नोव्होत्नाच्या शेजारी उभी असलेली हिंगिस २०१५ मध्ये सानिया मिर्झाच्या शेजारी उभी होती. त्या वर्षीच्या विम्बल्डन अंतिम सामन्यात मकारोवा आणि वेस्निना तिसऱ्या सेटमध्ये ५-२ ने पुढे होत्या, आणि तिथून सानिया-हिंगिस जोडीने ५-७, ७-६, ७-५ असा विजय मिळवला. सानियाचा फोरहँड मागून आणि हिंगिस नेटवर, अशी ती मांडणी होती. त्याच्या सतरा वर्षे आधी, स्वतः सतरा वर्षांची असताना हिंगिसने जिच्याबरोबर विम्बल्डनची दुहेरी जिंकली, ती नोव्होत्ना नेटवरच्या खेळात त्या काळच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होती. कोणी कोणाला नेमके काय शिकवले हे मी सांगू शकत नाही, पण ही साखळी मुलींना दाखवली तर नोव्होत्नाचे नाव त्यांना परके वाटणार नाही.

चोखंदळ

साखळीचाच विषय निघाला आहे, तर तिची दुसरी कडी सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण माझ्या मते नोव्होत्नाच्या कारकिर्दीचा तो सर्वांत सुंदर भाग आहे आणि तो तिच्या निवृत्तीनंतरचा आहे.

नोव्होत्ना १९९९ मध्ये निवृत्त झाली आणि २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला. त्यानंतर काही वर्षांनी, २०१४ च्या सुमारास, ब्रनोमध्येच जन्मलेली बार्बोरा क्रेचिकोव्हा ही मुलगी कनिष्ठ गटातून बाहेर पडत होती. पुढे काय करावे हे तिला कळत नव्हते, आणि ती आपल्या घरच्यांबरोबर एक पत्र घेऊन थेट नोव्होत्नाच्या दारात गेली. नोव्होत्नाने तिला शिकवायचे मान्य केले. काही वर्षांतच नोव्होत्नाला कर्करोगाने गाठले आणि १९ नोव्हेंबर २०१७ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी तिचे निधन झाले. आजारपणातही क्रेचिकोव्हा तिच्याजवळ जात असे. खेळाचा आनंद घे आणि एक ग्रँड स्लॅम जिंकण्याचा प्रयत्न कर, असे नोव्होत्नाने तिला शेवटी सांगितल्याचे तिने नंतर सांगितले.

पुढचे सगळे आपल्यासमोर घडले. २०१८ मध्ये क्रेचिकोव्हाने कातेरिना सिनियाकोव्हाबरोबर फ्रेंच आणि विम्बल्डनची दुहेरी जिंकली. २०२१ मध्ये तिने फ्रेंच स्पर्धेत एकेरी आणि दुहेरी दोन्ही जिंकल्या. त्याच वर्षी टोकियोत ऑलिंपिक दुहेरीचे सुवर्णही मिळवले, जिथे तिची गुरू दोनदा रौप्यापर्यंत थांबली होती. आणि २०२४ मध्ये जास्मिन पाओलिनीला ६-२, २-६, ६-४ असे हरवून ती विम्बल्डनची एकेरीची विजेती झाली. विजेत्यांच्या फलकावर आपले नाव नोव्होत्नाच्या नावासोबत लिहिलेले पाहून तिला रडू आवरले नाही.

नोव्होत्नाला हरणारी खेळाडू म्हणणाऱ्या प्रशिक्षकांना माझा एवढाच प्रश्न आहे की, चषक घालवण्यासाठीच जी ओळखली जाते असे ते म्हणतात, तिच्या दारात एका होतकरू मुलीने पत्र घेऊन का जावे? ब्रनोच्या लोकांना तिची पूर्ण कारकीर्द ठाऊक होती, म्हणून.

रामबागवासी

चोखंदळ, हे वाचून मन भरून आले. माझे १९९८ चे मत कायम आहे, पण मुलींना क्रेचिकोव्हाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आणि मालवकन्याताई, त्या रविवारी पोहे-जलेबीची व्यवस्था माझ्याकडे.

मालवकन्या

सर्वांचे मनापासून आभार. इतकी अभ्यासपूर्ण उत्तरे येतील असे वाटले नव्हते. आज आम्ही प्रशिक्षकांनी बसून हा संपूर्ण धागा वाचला आणि विरोध करणारे प्रशिक्षकही आता तयार झाले आहेत.

होळकरी यांची सूचना आम्ही घेतली आहे. पूर्ण सामना १९९८ च्या उपांत्य फेरीचा, हिंगिसविरुद्धचा दाखवू. त्याआधी १९९३ चा फक्त तिसरा सेट दाखवू, आणि बॅकहँड_स्लाइस यांनी लिहिल्याप्रमाणे दुसऱ्या सर्व्हिसच्या ठिकाणी थांबून चर्चा करू. अहिल्यानगरीताईंची सूचना लक्षात घेऊन बक्षीस समारंभ मात्र पालक सोबत असतील तेव्हाच दाखवू आणि त्यांच्याशी मांडलिकोव्हाबद्दल बोलू. दुहेरीसाठी पुढचा स्वतंत्र रविवार ठेवला आहे. नेटजवळची, त्या दिवशी तुम्ही येऊन शिकवाल का?

नेटजवळची

नक्की येईन. पाऊस थांबलेला असेल तर मुलींना कोर्टवरच घेऊ या, कारण नेटवरची जागा पडद्यावर पाहून अर्धीच कळते. दर दोन गेमनंतर जोड्या बदलायच्या, म्हणजे प्रत्येकीला वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर जुळवून घ्यावे लागेल.

ग्वाल्हेरकर

सामना पाहताना मुलींनी नेमके काय टिपायचे, हेही कोणी सांगितले तर बरे. नाहीतर दहा मिनिटांत त्यांचे लक्ष उडते, हा माझा ग्वाल्हेरचा अनुभव आहे.

बॅकहँड_स्लाइस

एकच गोष्ट टिपायला द्या. नोव्होत्ना सर्व्हिस केल्यावर पहिली व्हॉली मारते, तेव्हा तिचे पाय सर्व्हिसच्या रेषेच्या आत पोहोचलेले असतात की बाहेर, एवढेच प्रत्येक मुलीने वहीत खूण करून नोंदवावे, आणि समोर तो गुण कोणाला मिळाला ते लिहावे. आधी १९९३ च्या तिसऱ्या सेटमधल्या तिच्या सर्व्हिस गेमची नोंद करायची, मग १९९८ च्या सामन्याची, आणि दोन्ही पाने शेजारी ठेवायची. मुलींच्या नोंदींतून काय निघाले ते इथे जरूर कळवा, मीही घरी तीच नोंद करून ठेवतो.